रंगकाम : नलू लांजेवार

आमच्या चित्रकलेचा उगम एका खिळ्यात आहे.

मोठ्या कलावंतांना म्हणे सूर्यास्त पाहून चित्र सुचतं, काहींना दुःख झालं की सुचतं. मला आणि माझ्या बायकोला खिळ्यामुळे सुचलं. भिलाईत क्वार्टर मिळालं तेव्हा समोरच्या खोलीच्या भिंतीत बरोबर मधोमध एक चार इंची खिळा होता. आधीच्या माणसाने तो कशासाठी ठोकला हे त्याच्याबरोबरच बदली होऊन गेलं. खिळा उपटावा तर वीतभर प्लास्टर सोबत येणार, आणि प्लास्टरची भरपाई पगारातून होईल असं ताब्याच्या कागदावर कलम होतं. तसाच ठेवावा तर येणारा प्रत्येक जण विचारायचा, "इथं का होतं?" आमच्याकडे ‘का’ म्हणजे ‘काय’. शेजारच्या ठकूबाईंनी तर सरळ संशय घेतला. "देवाचा फोटो काढून टाकला का जी तुमी?"

"लावून टाका नं काही त्याच्यावर," नलू म्हणाली. नलू म्हणजे माझी बायको. "लोकं इचारतेत तं मलेच सांगा लागते."

आता, मी नकाशा-विभागात ड्राफ्ट्समन. कोणत्या कचेरीच्या, ते सांगत नाही; सांगायचं म्हटलं तर हा मजकूर आधी मंजुरीला पाठवावा लागेल, आणि मंजुरी येईपर्यंत मी निवृत्त झालेलो असेन. आमच्याकडे नकाशे ट्रेसिंग क्लॉथवर काढत. निळसर, आरपार दिसणारं, खळ लावून कडक केलेलं ते कापड. एखादा नकाशा बाद झाला की साहेबांची सही घेऊन तो घरी नेता यायचा. घरच्या बाया तो सोड्यात उकळायच्या. खळ निघून गेली की आत मलमलीपेक्षा तलम सूत सापडायचं. त्या दिवसांत भिलाईत जन्मलेल्या कितीतरी पोरांची पहिली झबली या कापडाची होती, आणि ठकूबाईंच्या नातवाच्या पाठीवर ‘छेद अ-अ’ हे शब्द दोन वर्षांचा होईपर्यंत वाचता येत होते.

दिवाळीनंतर असंच एक कापड मी घरी आणलं. एका कोपऱ्यात शाई सांडली म्हणून बाद झालेलं, बाकी कोरं. नलूने सोड्याचं पाणी चुलीवर ठेवलंच होतं. मी म्हटलं, "थांब. याच्यावर चित्र काढू आणि खिळ्याला लावू."

"कोन काढन?"

"दोघं."

इथं आमच्या कामाची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच निघालं. मला जे समोर आहे तेच काढता येतं. तेही समोरून, वरून आणि छेद घेऊन. नलूचं माहेर तिरोड्याकडचं, धानाच्या पट्ट्यातलं. ती चौथी शिकली, पण वह्यांपेक्षा भिंतींवर जास्त. लग्नकार्याला गावातल्या भिंती तिच्याकडे यायच्या. तिला जे समोर नाही तेच काढता येतं. म्हणजे दोघं मिळून जग पुरं होतं, फक्त एका कापडावर मावत नाही.

मी कारखान्यातली लोखंड वितळवायची भट्टी काढली. त्या वर्षी भिलाईत दुसरं काय काढणार. एकास दोनशे प्रमाण, बाजूला दोन धुराडी, पायऱ्या, कठडे, पाइप. एकही रेघ हललेली नाही. तीन रविवार गेले. मग मी कापड नलूच्या स्वाधीन केलं आणि बाजारात गेलो. परत आलो तर धुराड्यांच्या काठावर सात बगळे बसले होते. चुन्यात डिंक घालून काढलेले, दोन-दोन लांब पायांचे.

"नलू, भट्टीजवळ बगळे बसत नाहीत. जळतील."

"जळत असतीन तं बसतीन कावून? त्याईले अक्कल आहे."

एका धुराड्यापासून दुसऱ्यापर्यंत दोरी होती आणि दोरीवर लुगडं वाळत होतं. जिथं जिथं पाणी जास्त झालं तिथं कापडाची खळ सुटून ते सुरकुतलं होतं. तो धूर आहे असं तिने मला समजावलं, आणि लांबून पाहिलं तर दुर्दैवाने तो धूरच दिसत होता. भट्टीच्या तोंडाशी तिने हळद आणि गेरू असा काही मिसळला होता की ट्रेसिंग क्लॉथवर हात ठेवला तर चटका बसेल असं वाटावं. हे मी तिला तेव्हा बोललो नाही. कारण माझं लक्ष खाली डावीकडे गेलं होतं. तिथं एक मांडव होता.

"हा मांडव कुठला? मी रोज जातो तिथं. तिथं मांडव नाही."

"मले मालूम आहे, तिथं मांडव नाई. म्हनून तं काढला."

बाजाराच्या वाटेवर तारेच्या कुंपणातून बांधकाम दिसतं. तिथं रेजा, म्हणजे डोक्यावर घमेली वाहणाऱ्या छत्तीसगडी बाया, आपली तान्ही पोरं पाइपांच्या ढिगाच्या सावलीत निजवतात. सावली सरकते. बाई घमेलं टाकून पळत येते, पोर सरकवते, मुकादम ओरडतो. नलू हे दोन वर्षं पाहत आली होती. तिच्या मांडवात चार झोळ्या टांगलेल्या होत्या.

त्या मांडवावरून आम्ही दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मीच माघार घेतली. पण तिचे खांब वाकडे होते आणि वाकड्या खांबांची गोष्ट मला रात्रंदिवस डाचत होती. मी ते सरळ करून दिले. चार इंची पाइप, दहा फूट उंच, वर टिनाचे पत्रे, पाण्याला उतार. हात लागलाच होता म्हणून मापंही लिहून टाकली. मापांशिवाय काही काढलं की मला जेवण जात नाही.

चित्र पुरं झालं त्या दिवशी नलू गुंड, म्हणजे पाण्याचा पितळी हंडा, घासत बसली होती. मी सहज विचारलं, "खाली नाव कुणाचं घालायचं?"

ती हसली. "या गुंडावर मामाजीचं नाव आहे. परातीवर तुमचं. पितळी डब्यावर तुमच्या आत्याबाईचं. दवाखान्याच्या पुस्तकात मी तुमच्या टोकन नंबरची बायको. माह्या नावाचा या घरात चमचा बी नाई. तुमचंच घाला, आदत आहे."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. नलूचं कोणतं हसू हसू असतं आणि कोणतं नसतं एवढं मला कळत होतं. मी शब्द दिला की दोघांची नावं लागतील. तोंडी शब्द देऊ नये हे नोकरीत पहिल्या दिवशी शिकवतात, पण मी तेव्हा घरी होतो.

त्यानंतर ते चित्र खिळ्याला लागलं असतं आणि ही गोष्ट इथं संपली असती. पण रविवारी दौलतराव आले. दौलतराव माझे चुलतभाऊ, चरोद्याच्या रेल्वे यार्डात गार्ड. दर रविवारी लोकलने येतात, जेवतात आणि सल्ला देऊन जातात. त्यांनी चित्र उलटं-सुलटं पाहिलं. "पुंडलिक, हे घरात ठेवाची चीज नोहे. सव्वीस जानेवारीले कलबात परदर्शन आहे. टाक तिथं."

 नलूने दौलतरावांना न मागता आणखी एक भाकर वाढली.

प्रदर्शनाच्या अर्जांचं काम तेजराम नावाच्या बाबूकडे होतं. भला माणूस. पण त्याच्यासमोर छापील फॉर्म असला की तो फॉर्मच्या बाजूचा होतो.

"कलाकार का नाम?"

"दोन आहेत."

"खाना एक है."

"चित्र दोघांनी काढलं. मी आणि माझ्या पत्नीने."

"तो एक ही हुए ना," तेजराम म्हणाला. मग त्याला काही आठवलं. "मैडम का टोकन नंबर?"

"ती नोकरीत नाही."

"टोकन नहीं, तो कलाकार कैसे?" त्याने माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "देखो लांजेवारजी, एक चित्र, एक आदमी. आपका नाम ऊपर. उनके लिए नीचे बारीक अक्षर में ‘सहायक’ लिख देता हूँ. किसी को बुरा नहीं लगेगा."

मी घरी येऊन ‘सहायक’ हा शब्द उच्चारला. नलू तांदूळ निवडत होती, ती निवडत राहिली. कोणाला वाईट वाटलेलं नाही असं फक्त फॉर्मच म्हणू शकला असता.

बातमी ओळीभर क्वार्टरांत पसरली आणि सल्ले यायला लागले. ठकूबाई म्हणाल्या, "मधातून कापा. आर्धं तुमचं, आर्धं तिचं." हे ऐकून मी खरंच कापडाच्या मधोमध फूटपट्टी ठेवून पाहिली. माझ्या वाट्याला दीड धुराडं आणि तीन बगळे आले. मांडव, झोळ्या आणि भट्टीचं तोंड पलीकडे गेलं. मी फूटपट्टी उचलली. समोरच्या क्वार्टरातल्या गृहस्थांनी सुचवलं की दोन अर्ज करा आणि चित्र दोनदा लावा. पैकी एकदा उलटं. दौलतरावांनी मात्र जेवण होऊन सुपारी तोंडात टाकेपर्यंत विचार केला.

"पाह्य पुंडलिक. डायवर समोर बसते, गार्ड मांगं. पब्लिकले डायवर दिसते. पन म्या झेंडी देल्याबिगर गाडी हालत नाई. तं दोघाईचं नाव कुठं अस्ते? गाडीच्या कागदावर. तू त्या फारमापाशी कावून रडून राह्यला? चित्रावरच लिव्ह नं दोघाईचं."

एवढ्या वर्षांत दौलतरावांचा हा पहिला उपयोगी सल्ला. म्हणूनच मी सावध राहायला हवं होतं.

मी लिहायला बसलो. आणि इथं ती चूक झाली जी चित्रकाराकडून झाली नसती. चित्रकार कोपऱ्यात वाकडीतिकडी सही करतो. मला सही करायची म्हणजे चौकट लागते. उजव्या खालच्या कोपऱ्यात, बरोबर त्या शाईच्या डागावर, मी नेहमीची चौकट आखली. प्रमाण : एकास दोनशे. दिनांक. आरेखन : पु. लांजेवार. रंगकाम : नलू लांजेवार. तपासणी, मंजुरी आणि नकाशा क्रमांक हे रकाने रिकामे सोडले, कारण आमच्या घरात तशी सोय नाही. नलूने आपल्या नावाच्या ओळीवरून न टेकवता बोट फिरवलं आणि म्हणाली, "अक्षर सारखंच आहे दोघाईचं. लहान-मोठं नाई."

फॉर्मवर विभागप्रमुखाची शिफारस हवी होती. म्हणून चित्र गुंडाळून, नळीत घालून, सायकलला बांधून मी ते कारखान्यात नेलं. आत जाताना कोणी विचारलं नाही. साहेबांनी माझी भट्टी पाहिली, "साफ काम है," म्हणाले, आणि बगळ्यांपर्यंत नजर पोचण्याआधी सही केली. संध्याकाळी बाहेर पडताना फाटकावरच्या शिपायाने नळी उघडली.

"ये क्या है?"

"चित्र."

"इसमें स्केल लिखा है."

"हो."

"चित्र में स्केल?"



चित्र जप्त झालं. पावतीवर लिहिलं होतं : नकाशा एक, रंगीत, पक्ष्यांसह (७). दुसऱ्या दिवशी मला सुरक्षावाल्यांनी अत्यंत सभ्यपणे समजावलं की रजिस्टरात असलेला नकाशा बाहेर नेणं हा अपराध आहे, आणि रजिस्टरात नसलेला नकाशा मुळात असणं हाच अपराध आहे. माझा कोणता, एवढंच ठरायचं बाकी आहे. ते ठरवण्यासाठी कापड नकाशा-भांडारात बाबुलालजींकडे गेलं.

बाबुलालजी गोंदियाचे. उमर रजिस्टरांत गेलेली. जे रजिस्टरात नाही ते त्यांना दिसत नसे. चष्म्याचा काही दोष नव्हता. त्यांनी चौकट पाहिली, क्रमांकाचा रकाना रिकामा पाहिला, आणि एखाद्या अनाथ पोराला पाहावं तसे हळहळले. "बिना नंबर का पड़ा था बेचारा." त्यांनी त्याला नंबर दिला. चार हजार चारशे सतरा.

नंबर मिळालेल्या नकाशाचं पुढं काय होतं हे मला माहीत होतं, पण आपल्या चित्राच्या बाबतीत माणूस आंधळा होतो. नंबर पडला की अमोनियाच्या मशीनवर त्याच्या सहा प्रती निघतात आणि ठरलेल्या यादीप्रमाणे सहा ठिकाणी जातात. कोणी सांगावं लागत नाही. त्या प्रतीत रंग उतरत नाहीत. जिथं रंगाचा थर असेल तिथं नुसता गडद डाग येतो. आणि आमच्या धंद्यात गडद भाग म्हणजे पोलाद.

चौथ्या दिवशी बांधकामावरून सुपरवायझर केवलरामची चिठ्ठी आली. केवलराम आमच्याकडचाच, भंडाऱ्याचा, कामाला चोख. त्याने विचारलं होतं : धुराड्यांच्या काठावर सात प्लेटी दाखवल्या आहेत, प्रत्येकीला दोन सळया. जाडी किती? वेल्ड करायच्या की बोल्ट? दुसरं, दोन धुराड्यांमध्ये तारेवर एक मोठी लवचीक प्लेट टांगली आहे, तिच्यावर वाऱ्याचा भार काय धरला? आणि शेवटी : डावीकडची शेड समजली. काम सुरू केलं आहे.

मी ती शेवटची ओळ तीनदा वाचली.

तसं पाहिलं तर केवलरामची काही चूक नव्हती. त्या काळी निम्मे नकाशे रशियन भाषेत यायचे. न समजलेली गोष्टसुद्धा मापाबरहुकूम बांधायची सगळ्यांना सवय झाली होती, आणि बांधल्यावर ती बरोबर निघायची. त्यात या नकाशावरचं बाकी सगळं उभंच होतं. बांधायची राहिलेली आणि मापं असलेली अशी एकच वस्तू होती, ती शेड.

मला खुलासा मागणारं पत्र मिळालं. मग साहेबांनी बोलावलं.

"लांजेवार, ये नलू कौन है?"

"पत्नी."

"किस सेक्शन में?"

"घरी असते, साहेब."

साहेबांनी कागदावर पेन्सिल वाजवली. मग समजुतीने म्हणाले की प्रकरण वाढवायचं नाही. नोकरीत नसलेल्या व्यक्तीचं नाव नकाशावर राहू शकत नाही. तेवढं काढलं की नकाशा ‘केवळ माहितीसाठी’ असा शिक्का मारून प्रदर्शनाला सोडता येईल. नाही काढलं तर चौकशी पुरी होईपर्यंत कुलपात. त्या दिवशी तारीख होती एकवीस जानेवारी.

नाव काढायचं म्हणजे काय, हे प्रत्येक ड्राफ्ट्समनला ठाऊक असतं. दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा टेबलाच्या खणात असतो. ट्रेसिंग क्लॉथवरची शाई त्याने हलकेच खरवडायची, वरून नखाने घोटायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. मागं काही उरत नाही.

घरी येऊन मी नलूला सगळं सांगितलं. ती उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होती.

"खरडा," ती म्हणाली. "पन मंग बगळे बी खरडा. मांडव बी खरडा. नुसती भट्टी पाठवा. भट्टी तुमची चांगली आहे."

हे ती टोमणा म्हणून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. तिला भट्टी खरंच चांगली वाटत होती.

"मांडव खरडता येत नाही," मी म्हटलं. "केवलरामने बांधला."

तिने लसूण खाली ठेवला. "कुठं बांधला?"

"तू काढला तिथंच. चार पाइप, वर टिन. आज सकाळी पाहिला."

"पोरं निजतेत तिथं?"

"पाच झोळ्या होत्या. तू चारच काढल्या होत्या."

 ती पदराने हात पुसून म्हणाली, "मंग खरडून टाका नाव. माह्या नावानं का होते."

आता वाचकांना वाटेल की माझा प्रश्न सुटला. मलाही तसं वाटायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी भांडारात बाबुलालजींच्या टेबलावर कापड पसरून मी ब्लेड काढलं, आणि माझा हात काही केल्या खाली जाईना. अठरा वर्षं मी लोकांची नावं, आडनावं, पदव्या आणि एकदा तर आख्खा पूल खरवडला होता. पण ‘नलू’च्या ‘न’वर ब्लेड टेकवलं की तिचं न टेकवता फिरलेलं बोट दिसायचं.  शेवटी बाबुलालजींनी रजिस्टरातून मान वर केली.

"क्या कर रहे हो? हात मत लगाना. नंबर चढ़ गया है."

मी साहेबांचा हुकूम सांगितला.

"साहब हों, चाहे कोई हों. नंबर चढ़े नक्शे पर ब्लेड नहीं चलती. बदलना है तो बाकायदा सुधार होगा." आणि त्यांनी मला, अठरा वर्षांच्या ड्राफ्ट्समनला, नियम वाचून दाखवला. जुनं खोडायचं ते एका बारीक रेघेने, खालचं वाचता यावं असं. काय खोडलं ते सुधारणेच्या रकान्यात लिहायचं. आणि ते काम ज्याचं, त्यानेच तिथं सही करायची. "रंगकाम किसका है?"

"नलूचं."

"तो नलू लांजेवार को बुलाओ. चिट्ठी मैं निकालता हूँ."

दुपारी कचेरीचा शिपाई सायकलवरून आमच्या क्वार्टरसमोर उतरला. लिफाफ्यावर टाइप केलेलं होतं : नलू लांजेवार, रंगकाम. माझं नाव नाही, टोकन नंबर नाही. शिपाई पोचपावतीवर सही मागत होता आणि ठकूबाई कठड्यावरून अर्ध्या बाहेर आल्या होत्या. "सरकारी कागद? कोनाच्या नावानं?" नलूने सही करून लिफाफा घेतला आणि शांतपणे सांगितलं, "माह्या."

तेवीस तारखेला ती हिरवं लुगडं नेसून आली. फाटकावर, नळी उघडणाऱ्या त्याच शिपायाने तिला पास दिला. कामाचं स्वरूप : नकाशा सुधारणे. शिपाई अदबीने बाजूला झाला. अठरा वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी कोणी बाजूला झालेला नाही.

साहेब स्वतः भांडारात आले होते, लवकर उरकावं म्हणून. त्यांनी तिला सही कुठं करायची ते दाखवलं. नलूने दौत उघडी ठेवून आधी विचारलं, "मांडव बी काढाचा आहे का जी, साहेब? तो काढाचा असन तं मी सही नाई करत."

मी भाषांतर केलं. साहेब म्हणाले की शेड बांधून झाली आहे. ती नकाशातून काढायची तर जमिनीवरूनही काढावी लागेल, त्याचा अंदाजपत्रक-प्रस्ताव मुख्य कचेरीत जाईल, आणि तो कोणी वाचला तर ती मुळात का बांधली हे सांगावं लागेल. "रहने दो," ते म्हणाले. "अच्छी है."

"अन् बगळे?"

बगळ्यांबाबत केवलरामने कळवलं होतं की सदर प्लेटी भांडारात शिल्लक नाहीत. तेव्हा तेही राहिले.

मी माझ्या हाताने तिच्या नावावरून रेघ मारली. इतकी बारीक रेघ मी आयुष्यात मारलेली नाही. मग सुधारणेच्या रकान्यात सुबक अक्षरात लिहिलं : सुधारणा ‘अ’. नलू लांजेवार हे नाव काढले. आणि त्याच्यापुढे, जीभ दातांत धरून, चौथीच्या वळणात, रकान्याच्या दोन्ही रेघा ओलांडून, तिने पूर्ण सही केली. नलू लांजेवार.

बाबुलालजींनी चष्मा पुसून कापडाकडे पाहिलं. मग साहेबांनी पाहिलं. मग मी पाहिलं. खोडलेलं, पण स्वच्छ वाचता येणारं एक. काढले असं कळवणारं दुसरं. आणि बोटभर उंचीचं तिसरं. माझं नाव होतं तिथंच होतं, बारीक, एकदा.

"नियम से हुआ है," बाबुलालजी म्हणाले, आणि रजिस्टर मिटलं.  मला वाटतं साहेब आणखी एक सुधारणा करावी का असा विचार करत होते. पण तिच्यासाठीही नलूची सही लागली असती.

चित्र पंचवीस तारखेला क्लबात पोचलं, आकाशात गोल जांभळा शिक्का घेऊन : केवळ माहितीसाठी, बांधकामासाठी नव्हे. तो बऱ्याच जणांना चंद्र वाटला. माझा अर्ज सुरक्षावाल्यांच्या फायलीत अडकला होता, त्यामुळे तेजरामने पाटी चित्रावरूनच भरली. एक चित्र, एक आदमी. जे नाव सगळ्यांत जास्त वेळा दिसलं ते त्याने घातलं.

कलाकार : नलू लांजेवार.

खाली बारीक अक्षरात : सहायक, पु. लांजेवार.

मी तेजरामला गाठलं. तो म्हणाला, "किसी को बुरा नहीं लगेगा."

सव्वीसला क्लब सगळ्यांना खुला होता. दौलतराव चरोद्याहून नातलगांसह आले आणि कल्पना आपली होती असं त्यांनी प्रत्येकाला सांगितलं. ते खरंही होतं. पहिलं बक्षीस एका सूर्यास्ताला मिळालं. आमच्या चित्रापुढे दुपारी बांधकामावरच्या दहा-बारा बाया थांबल्या. त्यांतली एक कडेवरच्या पोराचं बोट धरून मांडवावर टेकवत होती. "देख रे, ए तो हमर छइहाँ आय." आपली सावली आहे ही, असं ती त्याला सांगत होती. चित्राला हात लावू नये अशी पाटी होती. नलूने ती आपल्या पाठीआड घेतली.

नंतर गर्दी ओसरल्यावर ती आपल्या नावासमोर उभी राहिली. एकेक अक्षर वाचलं. मग खाली वाकून माझंही वाचलं.

"तुमचं अक्षर बारीक झालं," ती म्हणाली.

नंबर चढलेलं चित्र घरी आणता येत नाही. ते प्रदर्शनातून परत बाबुलालजींकडे गेलं आणि तिथंच आहे. वर्षातून एकदा त्याची मोजणी होते, पक्ष्यांसह. म्हणजे खिळा पुन्हा रिकामा. शेवटी नलूने कचेरीचा तो लिफाफा काचेत घालून आणला आणि खिळ्याला लावला. आता कोणी विचारलं, "इथं का आहे?" तर मला सांगावं लागत नाही. ठकूबाई सांगतात.

परवा मी आणखी एक बाद कापड आणलं. मरोद्याचा तलाव काढायचं ठरलं आहे. माझे काठ आखून झाले. नलूने त्यात एक दवाखाना काढला आहे. तलावाकाठी दवाखाना नाही हे मी तिला सांगितलं नाही. मुकाट्याने खिडक्यांची मापं टाकतो आहे.

काल मी अगदी सहज विचारलं, "या खेपेला नावं कशी घालायची?"

ती ब्रश धूत होती. "तुमचंही घालाचं का?" ती म्हणाली. "पाहू. अर्ज देऊन ठेवा."

मी दिला आहे.